नाव कशासाठी लिहायचं? मुक्त सॉफ्टवेअर आणि श्रेयाचा प्रश्न

(मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न दिले आहेत.)



आज सकाळी चौकात दोघा-तिघांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञान शिकवत होते. हे कॉम्प्युटर कधीपासून?" आम्ही म्हटलं, शिकवत नाही बाबा, या वयात शिकतो आहे. आणि आजचा विषय कॉम्प्युटरचा जितका आहे तितकाच तो आहेराच्या वहीचाही आहे. ते कसं, ते पुढे येईल.

या विषयाकडे आम्ही एका मुलामुळे वळलो. आपल्याच भागातला मुलगा आहे. शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनिअरिंग करून टाळेबंदीच्या काळात घरी परतलेला. नाव सांगत नाही, कारण त्यानेच तशी विनंती केली आहे. तो एका मोफत, खुल्या शब्दकोश-सॉफ्टवेअरवर काम करत होता. मराठी शब्द शोधला की काही शब्द सापडायचेच नाहीत. त्याने शोध घेतला आणि कारण मोठं मजेशीर निघालं.

तुम्हाला 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक माहीत आहे. एक विद्वान, दुसरा स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, मिशीसारखा अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो; कोणी नुक्त्याचा ऱ वापरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे तुम्ही 'दुसऱ्या' एका पद्धतीने लिहिलं आणि कोशात तो दुसऱ्या पद्धतीने असला, तर कोश म्हणणार, असा शब्दच नाही!

या मुलाने दोन्ही पद्धती एकच मानणारा नियम लिहिला. आम्ही त्याला तपासायला शब्द काढून दिले: दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, बिचाऱ्या. त्याने ती दुरुस्ती त्या सॉफ्टवेअरच्या चालकांकडे पाठवली. उत्तर आलं, "बघू." तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली. त्यात तोच नियम होता, थोडा वेगळ्या शब्दांत लिहिलेला. नाव चालकाचं. या पोराचा उल्लेख कुठेच नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. त्याने विचारलं, "सर, मी कोड फुकटच दिला होता. पैसे मागितले नव्हते. दुरुस्ती झाली, लोकांना शब्द सापडायला लागले. मग माझं नेमकं काय गेलं? आणि काही गेलं नसेल, तर वाईट का वाटतं?"

मंडळी, चाळीस वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न फार कमी वेळा कोणी आम्हाला विचारला. आज त्याचंच उत्तर शोधायचं आहे.

मालकी, मोबदला आणि श्रेय

आधी मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ओपन सोर्स, काय असतं ते थोडक्यात. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. त्या सूचनांचा मूळ मजकूर बहुतेक कंपन्या कुलपात ठेवतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. मजकूर सगळ्यांना वाचता यावा, बदलता यावा, वाटता यावा, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच लिनक्स आहे. त्यात आजवर हजारो लोकांनी भर घातली.

आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याचं वावर नांगरायचं राहिलं तर गावातले लोक आपापली बैलजोडी घेऊन यायचे, दिवसभर राबायचे, संध्याकाळी जेवायचे. मजुरी नाही. पण कोणाची जोडी आली होती, हे गावाला पाठ असायचं. पैशाचा हिशोब नव्हता, आठवणीचा होता. मुक्त सॉफ्टवेअर बरंचसं असंच चालतं. काहींना त्या कामाचा पगार मिळतो, अनेकांना मिळत नाही.

आता तीन गोष्टी वेगळ्या करू. मालकी म्हणजे वस्तू कोणाची, तिचं काय करायचं हे कोण ठरवणार. मोबदला म्हणजे श्रमाच्या बदल्यात काय मिळालं. आणि श्रेय म्हणजे हे कोणी केलं, याचं खरं उत्तर. आपल्या मुलाने मालकी सोडली होती, मोबदला मागितला नव्हता. पण 'हे कोणी केलं' या प्रश्नाचं उत्तर बदलायची परवानगी त्याने कोणाला दिली नव्हती. ते उत्तर देणगीत देता येत नाही, कारण ती घडलेली गोष्ट आहे.

आपला कायदाही हा भेद ओळखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की लेखकाने हक्क पूर्णपणे दुसऱ्याला देऊन टाकले, तरी 'ही कृती माझी आहे' असं म्हणण्याचा त्याचा अधिकार उरतो. संगणकाचा प्रोग्रामही या कायद्यात साहित्यकृतीच मानला जातो. आणि मुक्त सॉफ्टवेअरचे अगदी सैल परवाने घ्या. एमआयटी परवाना जवळजवळ काहीच मागत नाही. वापरा, बदला, विका. अट एवढीच की मूळ हक्कधारकाच्या नावाची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहिला पाहिजे. सगळं सोडून देणाऱ्यानेही नाव तेवढं राखून ठेवलं. उगाच नाही.

नाव गेलं की काय जातं

एक, सत्य जातं. हे आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर म्हणून म्हणतो असं समजू नका. ज्या नोंदीवर पुढचे लोक विसंबणार, ती खोटी झाली.

दोन, विचारायचं ठिकाण जातं. उद्या त्या नियमात चूक निघाली, तर कोणाला विचारणार? ज्याने तो नियम आडव्या र-चा विचार करून लिहिला, त्याला. त्याचं नावच नसेल तर चालकाला विचारलं जाईल, आणि चालकाला मराठी येतच नाही! श्रेय म्हणजे शाबासकी असं आपण समजतो. पण नाव लिहिणं म्हणजे जबाबदारीचा पत्ता लिहिणंही असतं.

तीन, पुढची वाट जाते. या मुलाकडे मोठ्या शहरातल्या कॉलेजचा शिक्का नाही, ओळखी नाहीत. मुलाखतीत दाखवायला त्याच्याकडे फक्त केलेलं काम आहे. ज्याच्याकडे बाकी सगळं आहे, त्याला एक नाव गळलं तर फरक पडत नाही. ज्याच्याकडे तेवढंच आहे, त्याला पडतो.

यंत्र काय मोजतं

आता थोडं आत शिरू. हे नाव गळतं कसं? बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही. यंत्राच्या सवयीने.

आज बहुतेक प्रकल्प 'गिट' नावाच्या साधनाने कोडचा इतिहास ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीच ते २००५ साली लिनक्ससाठी बनवलं. प्रत्येक बदलाची एक नोंद होते, तिला कमिट म्हणतात. त्या नोंदीत दोन रकाने असतात. एक 'ऑथर', म्हणजे बदल लिहिणारा. दुसरा 'कमिटर', म्हणजे तो बदल प्रकल्पात दाखल करणारा. बघा, बनवणाऱ्याने दोन माणसांची सोय मुळातच करून ठेवली आहे. पण चालकाने आलेली दुरुस्ती वाचली, बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली, की दोन्ही रकान्यांत त्याचंच नाव येतं. आपल्या मुलाचं असंच झालं.

लिनक्सच्या लोकांनी यावर बराच विचार केला आहे. २००३ मध्ये एका कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा लावला. तेव्हा प्रश्न आला, हा कोड नेमका कुठून आला, हे सांगायचं कसं? २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ यायला लागली. बदल ज्यांच्या ज्यांच्या हातून पुढे गेला, त्यांची सही. पुढे आणखी ओळी आल्या. चूक कोणी कळवली, कल्पना कोणी सुचवली, तपासून कोणी पाहिलं, वाचून कोणी मान्यता दिली, सोबत कोणी लिहिलं. प्रत्येक भूमिकेची वेगळी ओळ. म्हणजे आपल्या मुलाचा कोड नव्याने लिहिला असता, तरी 'सुचवलं यांनी' अशी एक ओळ पुरली असती. लिहायला दहा सेकंद.

आणि ते वेळेवर लिहावं लागतं, बरं का. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला मजकुरावरून काढलेला एक लांब क्रमांक असतो, आणि त्यात आधीच्या नोंदीचा क्रमांक गुंफलेला असतो. जुन्या नोंदीतलं एक अक्षर बदललं तर त्यानंतरचे सगळे क्रमांक बदलतात. सगळ्यांकडच्या प्रती बिघडतात. म्हणून मागे जाऊन नाव घालणं जवळजवळ कोणी करत नाही.

आहेराची वही

आता आहेराच्या वहीकडे येऊ. लग्नात मांडवाच्या दाराशी एक माणूस वही घेऊन बसतो. कोणी एकशे एक दिले, कोणी स्टीलचा डबा दिला, कोणी लुगडं. सगळं नावानिशी लिहितो. ती वही पंचवीस वर्षं जपली जाते, कारण त्यांच्याकडे कार्य निघालं की ती बघावी लागते.

पण त्याच लग्नासाठी आठ दिवस आधीपासून ज्या बायकांनी गहू निवडले, पापड लाटले, रात्री दोन वाजता पाहुण्यांना चहा केला, त्यांची नावं त्या वहीत असतात का? नसतात. वही खोटी नाही. तिला फक्त पाकीट आणि डबा दिसतो.

सॉफ्टवेअरमधली यंत्रवहीही अशीच आहे. तिला कोडच्या ओळी दिसतात. चूक नीट लिहून कळवणारा, सूचनापुस्तिका लिहिणारी, नव्या माणसाच्या प्रश्नाला दहाव्यांदा न चिडता उत्तर देणारा, चिन्हांची चित्रं काढणारी, हे सगळे पापड लाटणारे.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, मराठी अनुवादक. मोफत सॉफ्टवेअर मराठीतून दिसतं, 'उघडा', 'जतन करा', 'रद्द करा' असं येतं, ते कोणीतरी एकेक वाक्य बसून मराठीत आणलेलं असतं. पुष्कळ प्रकल्पांत हे अनुवाद पीओ नावाच्या फायलीत असतात. तिच्या माथ्यावर एक रकाना असतो, 'लास्ट ट्रान्सलेटर'. शेवटचा अनुवादक! समजा, एका मुलीने हजार वाक्यं मराठीत आणली. नंतर दुसऱ्याने येऊन एक अनुस्वार दुरुस्त केला. रकान्यात नाव दुसऱ्याचं. पहिलीचं नाव राहायचं असेल, तर कोणीतरी वरच्या टिपेत ते हाताने लिहिलं पाहिजे. आणि अनुवाद जर एखाद्या संकेतस्थळावर केला आणि तिथून यंत्रानेच तो प्रकल्पात नेऊन टाकला, तर गिटच्या इतिहासात कधी कधी त्या यंत्राचंच नाव राहतं.

यावर नोम या प्रकल्पाने एक छान तोडगा काढला आहे. ज्या वाक्यांचा अनुवाद करायचा, त्या यादीतच एक ओळ अशी असते की तिचा अनुवाद करायचाच नसतो. तिथे अनुवादकांनी आपली नावं लिहायची. मग मराठीतून ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने 'या प्रोग्रामविषयी' ही खिडकी उघडली, की त्याला मराठी अनुवादकांची नावं दिसतात. ज्या भाषेत काम झालं, त्या भाषेच्या वाचकापुढे नाव.

ही रीत आपली जुनी आहे

हे सगळं परदेशातून आलं असं समजू नका. आपल्या विदर्भातल्याच रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रसंग पाहिला, त्यांच्याकडे जाऊन विचारलं. नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं. तोच 'लीळाचरित्र' ग्रंथ. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्या पाठांना त्यांची नावं आहेत. त्यातला एक 'हिराइसा पाठ'. हिराइसा ही बाई. तिने ग्रंथ रचला नव्हता, तो स्मरणात ठेवला होता. तेवढ्यासाठी सातशे वर्षांनीही अभ्यासक तिचं नाव घेतात. लक्षात ठेवणं हेही काम आहे, असं त्या परंपरेने मानलं.

एकनाथांनी १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटच्या ओव्यांत त्यांनी काय लिहिलं? आपण कोणत्या साली हे केलं, आधीच्या प्रती कशा अशुद्ध झाल्या होत्या, आपण फक्त शोधून शुद्ध केलं, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये. आजच्या भाषेत ही बदलांची नोंद झाली! ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला, आणि शुद्ध कोणी केला हेही कळलं. एकाला श्रेय दिल्याने दुसऱ्याचं कमी झालं नाही.

उलट उदाहरणही घरचंच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण त्याआधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांनी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' सिद्ध केला होता. साहेबाच्या कोशामागेही पंडितांचे श्रम होते. प्रस्तावनेत त्या मदतीचा उल्लेख आहे. तरी आपण सगळे म्हणतो काय? 'मोल्सवर्थ'. मुखपृष्ठावरचं नाव तोंडात बसतं, प्रस्तावनेतलं प्रस्तावनेतच राहतं. म्हणून नाव लिहिलं की झालं, असं नाही. ते कुठे लिहिलं, यालाही अर्थ आहे.

श्रेयाचं ओझं आणि श्रेयाचा बाजार

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर व्याख्यान एकांगी होईल.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपलं बीएसडी सॉफ्टवेअर देताना अट घातली होती की त्याचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचं नाव आलंच पाहिजे. वाजवी वाटतं ना? पण मग इतरांनी तीच अट उचलली आणि विद्यापीठाच्या जागी आपापलं नाव घातलं. १९९७ च्या नेटबीएसडीच्या एका आवृत्तीत अशी किती वाक्यं सक्तीची झाली, हे स्टॉलमन यांनी मोजलं. पंचाहत्तर! जाहिरात करायची म्हणजे पंचाहत्तर वाक्यं छापायची. शेवटी १९९९ मध्ये विद्यापीठाने ती अट मागे घेतली. कोडसोबत नाव ठेवण्याची अट मात्र राहिली. नाव कामाजवळ ठेवा, ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेऊ नका, हा त्यातला धडा.

दुसरा प्रकार जास्त लाजेचा आहे. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या प्रसिद्ध प्रकल्पाकडे अचानक निरर्थक 'दुरुस्त्यां'चा ढीग आला. पाठवणारे बरेचसे आपल्या देशातले विद्यार्थी होते. शिकवणीचा व्हिडिओ पाहून त्यांनी त्या प्रकल्पाच्या माहितीपत्रात स्वतःचं नाव घालण्याची विनंती पाठवली होती. काम काही नाही, फक्त नाव. त्या मुलांना आम्ही फार दोष देत नाही. नोकरीसाठी नाव हवं, असं त्यांच्या मनावर बिंबवलं कोणी? पण प्रत्येक खोटं नाव खऱ्या नावाची किंमत कमी करतं. आपल्याकडे संतांच्या नाममुद्रेने दुसऱ्यांनी अभंग रचले, आणि आता खरे कोणते हे निवडत अभ्यासकांचे जन्म जातात. श्रेय चोरणं आणि खोटं श्रेय चिकटवणं, दोन्हीकडे बिघडते ती एकच गोष्ट: 'हे कोणी केलं' याचं उत्तर.

आणि नाव आहे म्हणजे विश्वास ठेवावा, असंही नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात एक्सझेड नावाच्या छोट्याशा पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. मूळ चालक एकटा, थकलेला. त्याने मदतीचा हात धरला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हा त्या नावाने केलेलं सगळं काम पुन्हा तपासता आलं, ते नोंदी होत्या म्हणूनच. नोंद चांगल्या माणसाचा मान राखते आणि वाईट माणसाचा मागही.

आमची स्वतःची चूक

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःचं सांगतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही आणि त्या मुलाने ठरवलं की आपल्या भागातल्या कोलामी भाषेची शब्दयादी करायची आणि ती खुल्या परवान्याने सगळ्यांना द्यायची. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. आपल्या शेजारी पोडावर बोलली जाते, आणि आपल्यातल्या बहुतेकांना तिचे चार शब्द येत नाहीत. आम्ही एका पोडावर जायला लागलो. तिथल्या एका आजींनी आम्हाला गवतांची, रानभाज्यांची, बांबूच्या कामाची नावं सांगितली. आम्ही उच्चार चुकवायचो, त्या हसायच्या आणि पुन्हा सांगायच्या. कित्येक दुपारी. मुलाने यादी संगणकावर चढवली. आम्ही मराठी अर्थ लिहिले.

यादी प्रसिद्ध झाली. सोबत सहभागींची फाईलही होती. श्रेयाबद्दल आम्ही आता जागरूक होतो ना! त्यात त्या मुलाचं नाव होतं, आमचं होतं, अक्षरजुळणी तपासणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीचंही होतं.

आजींची नात दहावीत शिकते. तिने मोबाइलवर यादी पाहिली आणि साधेपणाने विचारलं, "सर, आजीचं नाव कुठं हाय?"

मंडळी, आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजींनी 'कोड' लिहिला नव्हता, 'अर्थ' लिहिला नव्हता, म्हणून त्या आमच्या डोक्यातल्या वहीत बसल्याच नाहीत. सगळे शब्द त्यांचे! चालकाने त्या मुलाला जसं वागवलं, त्याहून वाईट आम्ही वागलो होतो. आणि तो मुलगा आमच्या शेजारी बसून ती यादी चढवत होता, त्याच्याही लक्षात आलं नाही. दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखावणार नाही, याची खात्री नसते.

आम्ही लगेच नाव घालायला निघालो. मग थांबलो. म्हटलं, आधी विचारू. आजींना सगळं समजावून सांगितलं. हे जगभर दिसेल, कोणीही पाहील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या एकटीचं नको लिहू. हे शब्द पोडाचे आहेत. पोडाचं लिहा, अन् मग माहं लिहा." आता यादीच्या पहिल्याच पानावर तसं आहे. आधी पोडाचं नाव, मग आजींनी सांगितलं तसं त्यांचं नाव, भूमिका 'शब्द सांगणाऱ्या'. आम्ही खाली.

यातून आम्हाला एक गोष्ट कळली, जी आमच्या पुस्तकांत नव्हती. श्रेय कोणाचं, हे देणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नसतं. ज्याला द्यायचं, त्याला विचारावं लागतं. काहींना नाव नको असतं, काहींना वेगळ्या नावाने हवं असतं, काहींना आपल्या आधी आपली माणसं हवी असतात.

मग करायचं काय

तुमच्यातले जे तरुण असे प्रकल्प चालवतात किंवा चालवतील, त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी.

दुसऱ्याची कल्पना घेऊन स्वतः लिहिलंत, तर नोंदीतच 'सुचवलं यांनी' असं त्याच दिवशी लिहा. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर सहलेखकाची ओळ जोडा. गिटहबवर २०१८ पासून ती ओळ ओळखली जाते आणि दोघांच्या नावे काम दिसतं.

सहभागींची एक फाईल माणसाने, हाताने ठेवा. प्रत्येक नावापुढे काय केलं ते लिहा. अनुवाद, चाचणी, चित्र, शब्द, चूक कळवणं. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आधी पाच मिनिटं बसून विचारा: या वेळी पापड कोणी लाटले?

नावं बदलतात, विशेषतः मुलींची. लग्नानंतर आडनाव बदललं की यंत्राला ती दुसरीच बाई वाटते आणि तिचं काम दोन तुकड्यांत विभागलं जातं. गिटमध्ये 'मेलमॅप' नावाची एक छोटी फाईल असते. तिच्यात जुनं आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे असं सांगता येतं. वापरा.

आणि चौथी, आधी विचारा.

त्या मुलाचं काय झालं, तेही सांगतो. आम्ही त्याला म्हटलं, चालकाला पत्र लिही. आरोप नको, तारखा दे. त्याने लिहिलं. चालकाचं उत्तर दोन दिवसांत आलं. माणूस ओशाळला होता. जुनी नोंद बदलता येत नव्हती, पण पुढच्या आवृत्तीच्या माहितीत आणि सहभागींच्या यादीत त्याने नाव घातलं, आणि मराठीसंबंधीच्या दुरुस्त्या आधी याच्याकडे तपासायला पाठवू का, असं विचारलं. म्हणजे नावासोबत कामही आलं.

त्याच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं: तू कोड दिलास, तो गेला नाही, वाढला. गेली होती ती एक खरी गोष्ट. ती दुसऱ्या कोणाच्या खात्यात गेल्यावर वाईट वाटतं, ते वाटलंच पाहिजे. तो अहंकार नव्हे.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, गीतेत तर फळाची अपेक्षा ठेवू नका असं सांगितलं आहे. मग नावाची अपेक्षा का ठेवायची?*

चांगला प्रश्न. अपेक्षा सोडायची ती करणाऱ्याने. तो उपदेश त्याच्यासाठी आहे. ज्याच्याकडे नोंद ठेवण्याचं काम आहे, त्याने "तुम्ही निष्काम राहा, मी नाव लिहीत नाही" असं म्हणायचं नसतं. सालदाराला वैराग्य शिकवून त्याची मजुरी बुडवण्यासारखं आहे ते.

*छोट्या दुरुस्तीसाठीही नाव लिहायचं? एक अनुस्वार दुरुस्त केला तर?*

लिहा. एक ओळ लिहायला खर्च नाही. फक्त त्या अनुस्वारामुळे हजार वाक्यं करणारीचं नाव पुसलं जाऊ देऊ नका. लहान काम लहान म्हणून लिहा, मोठं मोठं म्हणून. खरं तेवढं लिहा.

*आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते. तिथे श्रेय कोणाचं?*

यंत्राला श्रेयाचं सुख नाही, दुःख नाही. पण आम्ही वर सांगितलं की श्रेय म्हणजे जबाबदारीचा पत्ताही. यंत्राने लिहिलं असेल तर तसं लिहा, म्हणजे तपासणारा सावध राहील. आणि खाली सही माणसाचीच हवी. चूक झाली तर उत्तर माणसालाच द्यावं लागणार. राहिलं ते एकच: ते यंत्र ज्यांच्या कोडवर शिकलं, त्या हजारो लोकांची नावं कोणत्या वहीत लिहायची? हा प्रश्न तुमच्या पिढीचा आहे. आम्ही तो तुमच्या हाती देऊन थांबतो.